मदत हवी आहे: नामिबियात पहिली शिकार, खर्चाचा ताळा जमत नाहीये

माळरान

नमस्कार मंडळी,

शिकार चूक की बरोबर यासाठी हा धागा नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी टेक्सासमध्ये राहतो. इथे हंगामात परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातो आणि मारलेलं घरी शिजवून खातो. ऑफिसातला एक मित्र आणि मी पुढच्या वर्षी जून-जुलैत नामिबियाला जायचं म्हणतोय. हत्ती, सिंह, बिबट्या यांच्या वाटेला जाणार नाही. केप बफेलोचा भाव ऐकला आणि तो विषयही तिथेच संपला. आमची यादी साधी आहे: कुडू, ओरिक्स, स्प्रिंगबोक (तिन्ही हरणासारखी) आणि वॉर्टहॉग, म्हणजे तिथलं रानडुक्कर.

ओत्जिवारोंगोजवळच्या एका फार्मचा कोट आलाय. आकडे अमेरिकन डॉलरमध्ये देतो. दोन शिकारी मिळून एक व्यावसायिक शिकारी (त्याला सगळे पीएचच म्हणतात) घेतला तर रोजचा दर माणशी ३२०. शिकारीचे ७ दिवस, म्हणजे २२४०. बायको बरोबर येतेय. ती बंदुकीला हात लावत नाही आणि पक्की शाकाहारी आहे, पण तिचेही 'ऑब्झर्व्हर' म्हणून रोज १५० लागणार, ते झाले १०५०. ट्रॉफी फी, म्हणजे मारलेल्या प्रत्येक जनावराचे पैसे: कुडू २२००, ओरिक्स ७००, स्प्रिंगबोक ४५०, वॉर्टहॉग ४००, मिळून ३७५०. विमानतळावरून ने-आण ३००. फार्मचं बिल ७३४० आणि बायकोची आणि माझी तिकिटं ३६०० धरली, तर ११ हजारांच्या आत बसतं.

इथपर्यंत मी खूश होतो. मग मित्राच्या ओळखीतला एक जाऊन आलेला माणूस भेटला. तो म्हणाला, "हा अर्धाच खर्च आहे. उरलेला अर्धा गोळी झाडल्यावर सुरू होतो." डिप अँड पॅक (कातडी-शिंगं औषधात बुडवून बांधणं), लाकडी खोका, एअर कार्गो, कस्टमचा ब्रोकर, कातडी-डोकी भरून देणारा इथला टॅक्सिडर्मिस्ट... तो बोटं मोजत होता आणि माझे डोळे पांढरे होत होते.

तर विचारायचं असं की ट्रॉफी, म्हणजे शिंगं-कातडी, घरी आणण्याचा खर्च खरंच एवढा येतो का? स्वतःची रायफल न्यावी की तिथली भाड्याने घ्यावी? टिप किती द्यायची पद्धत आहे? बायको आठवडाभर फार्मवर काय करेल? आणि ५० टक्के डिपॉझिट भरण्याआधी आउटफिटरकडून (शिकार आयोजित करणाऱ्याकडून) काय काय लिहून घ्यावं? बजेट १५ हजार आहे. त्यावर गेलं तर घरी दुसरीच शिकार होईल.

भटक्या७१

सात हजार डॉलर मोजून हरीण मारायला आफ्रिकेत? त्यात उत्तम लेन्स येईल राव. तिथल्या एटोशा राष्ट्रीय उद्यानात जा, पाणवठ्यावर बसा, फोटो काढा.

प्रिटोरियाकर

भटक्याशेठ, त्यांनी पहिल्याच वाक्यात काय लिहिलंय ते बघा.

माळरानभाऊ, मी दक्षिण आफ्रिकेत राहतो. ऑफिसातल्या आफ्रिकान्स मंडळींबरोबर हिवाळ्यात मांसासाठीच्या शिकारीला जातो, ट्रॉफीवाला नाही. तरी दोन्ही बाजूंचे हिशोब जवळून पाहिलेत.

तुमच्या कोटात सगळ्यात मोठं भोक ट्रॉफीचं नाही, जखमी जनावराचं आहे. इथला आणि नामिबियातला नियम एकच: रक्त दिसलं की पैसे लागले. कुडूला गोळी लागली, तो काटेरी झुडपात शिरला आणि ट्रॅकरने दिवसभर माग काढूनही सापडला नाही, तरी २२०० द्यावे लागतात आणि बहुतेक ठिकाणी तुमचा कुडू तिथेच संपतो. यात आउटफिटरची लबाडी नाही, जनावर त्याच्या हिशोबातून गेलेलंच असतं. म्हणून बजेटमध्ये किमान एका मधल्या जनावराची फी राखून ठेवा. नाही लागली तर बायकोला विंडहूकमध्ये काहीतरी घेऊन द्या.

डिपॉझिटच्या आधी लिहून घ्यायच्या गोष्टी. दरात १५ टक्के व्हॅट धरलाय का? 'जखमी' नेमकं कोण ठरवणार? (उत्तर 'पीएच' असंच येईल, पण ते लेखी असू द्या.) येण्या-जाण्याच्या दिवसाला रोजचा दर लागतो का? जनावर मिळालंच नाही तर त्याची फी नाही, हे स्पष्ट आहे का? पॅकेज असेल तर न मिळालेल्या जनावराचे पैसे वळते करतात का? तारीख पुढे ढकलावी लागली तर डिपॉझिट राहतं का?

आणि कुंपण! फार्म केवढा आहे आणि जनावरं तिथेच वाढलेली आहेत की हंगामाच्या तोंडावर ट्रकने आणून सोडलेली, हे आडपडदा न ठेवता विचारा. हजारो हेक्टरच्या फार्मवर कुडूला कुंपण कुठे आहे हे माहीतही नसतं. काही ठिकाणी मात्र सगळा प्रकार कोंबडीच्या खुराड्यासारखा असतो. चांगला माणूस या प्रश्नाने चिडत नाही. चिडला तर पुढच्या कोटाकडे वळा.

नामिबियात हंटिंग गाईड, मास्टर हंटिंग गाईड आणि प्रोफेशनल हंटर अशा नोंदणीच्या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. साधा हंटिंग गाईड फक्त स्वतःच्या नोंदलेल्या फार्मवरच शिकार करवू शकतो. "स्प्रिंगबोकसाठी शेजारच्या फार्मवर नेतो" असं कुणी म्हणालं तर त्याची नोंदणी कुठली ते विचारा. तिथली शिकाऱ्यांची संघटना नाफा १९७४ पासून आहे. आउटफिटर तिचा सदस्य असला तर तक्रार करायला निदान एक दार असतं.

टिप: पीएचला शिकारीच्या बिलाच्या साधारण १० टक्के, ती तुम्ही आणि मित्र वाटून घ्या. ट्रॅकर, कातडी काढणारा आणि स्वयंपाकघरातली माणसं यांना वेगळी. ती शेवटच्या दिवशी पीएचला विचारून प्रत्येकाच्या हातात द्या, एकाच पाकिटात घालून मालकाकडे देऊ नका. नामिबियन डॉलर दक्षिण आफ्रिकेच्या रँडला एकास एक बांधलेला आहे आणि तिथे रँड सर्रास चालतात, त्यामुळे सुटे रँड बरोबर असले तर काम सोपं होतं.

सई_जो

भटक्या, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण नामिबियाची गोष्ट जरा वेगळी आहे. १९९६ च्या कायद्याने तिथल्या सामुदायिक जमिनींवर गावकऱ्यांना कॉन्झर्व्हन्सी (वन्यजीव सांभाळणाऱ्या गावसंस्था) काढता आल्या आणि वन्यप्राण्यांपासून होणारं उत्पन्न, त्यात शिकारीचंही, थेट त्यांच्याकडे यायला लागलं. दुष्काळी मुलुखात पर्यटकांची जीप जिथे फिरकत नाही तिथे हाच पैसा येतो. उलट केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली. बोत्स्वानाने २०१४ मध्ये बंद केली आणि २०१९ मध्ये पुन्हा उघडली. म्हणजे त्या देशांनाही एकच उत्तर सापडलेलं नाही. २०१५ मध्ये झिंबाब्वेत सेसिल सिंह मारला गेला तेव्हा जगभर गदारोळ झाला, तो मला रास्तच वाटला. पण ओरिक्स मारून त्याचं मांस गावात जाणं आणि ते प्रकरण मी एका मापाने मोजणार नाही.

(माळरान यांचा फार्म खासगी आहे, कॉन्झर्व्हन्सी नाही, हेही खरं. खासगी फार्मवाला गाई ठेवायच्या की कुडू, हे पैशावरच ठरवतो.)

माळरान, तुमच्या बायकोसाठी सांगते. आम्ही दोघी मैत्रिणी एटोशाला गेलो होतो. ओत्जिवारोंगोहून औटजोमार्गे दोन-अडीच तासांत पोचता. ओकाउकुएयोच्या कॅम्पला लागूनच पाणवठा आहे आणि रात्री त्यावर दिवे असतात. दगडी भिंतीच्या अलीकडे बाकावर बसायचं, समोर गेंडा पाणी पीत असतो आणि कुणी बोलत नाही. शिकार संपल्यावर दोन रात्री तिथे काढा. आठवडाभर फार्मवर 'ऑब्झर्व्हर' म्हणून १५० भरत बसण्यापेक्षा पहिले तीन-चार दिवस तिने तिथे राहावं आणि मधे वॉटरबर्गच्या पठारावर चालायला जावं. जेवणाचं आधीच कळवा. तिथे 'व्हेजिटेरियन' म्हटलं की चिकन वाढतात. 'मांस, मासे, चिकन काहीच नाही, अंडं चालेल किंवा नाही' असं सगळं फोडून लिहा. मेतकूट आणि थेपले सोबत असू द्या. जून-जुलैत दिवसा ऊन आणि पहाटे दात वाजवणारी थंडी असते, उघड्या बक्कीवर (पिकअप गाडीवर) टोपी-हातमोजे लागतात. एटोशाच्या बाजूला मलेरियाचा धोका आहे, थंडीत कमी असला तरी डॉक्टरांना विचारून घ्या.

डलासकर

कागदपत्रांवर बोलतो. तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे असं धरतो. एच-१ वर असाल तर बंदुकीचे इथलेच नियम वेगळे आहेत, ते आधी पाहा. पासपोर्ट भारतीय असेल तर ग्रीन कार्ड दाखवून व्हिसा सुटत नाही.

रायफल न्यायची असेल तर निघण्याआधी कस्टमच्या कार्यालयातून फॉर्म ४४५७ वर शिक्का घ्या. रिकामी रायफल पेटीत घालून न्यायची, अधिकारी नंबर पडताळतो आणि सही करतो. परत येताना ही बंदूक तुमचीच आहे, याचा तोच पुरावा. नामिबियात विंडहूकच्या होसेआ कुताको विमानतळावर पोलिसांच्या खिडकीवर तात्पुरता परवाना मिळतो, तो प्रकार सुटसुटीत आहे. डोकेदुखी जोहान्सबर्गमार्गे गेलात तर. नुसतं विमान बदलायचं असलं तरी रायफलीसाठी दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांचा वेगळा परवाना लागतो. त्यांचा एसएपीएस ५२० फॉर्म काळ्या शाईने भरायचा आणि सही अधिकाऱ्यासमोरच करायची, घरून करून नेली तर पुन्हा भरा. फ्रँकफर्टहून विंडहूकला थेट विमान आहे, तो मार्ग बघा. काडतुसं वेगळ्या कुलूपबंद डब्यात, साधारण ५ किलोपर्यंत. एअरलाइनला आधी कळवणं सक्तीचं.

माझा सल्ला: पहिल्या खेपेला भाड्याने घ्या.

ट्रॉफीचं म्हणाल तर तुमच्या चारही जनावरांना साइटिसची (दुर्मीळ प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची) भानगड नाही. हार्टमनचा डोंगरी झेब्रा यादीत घातलात तर मात्र आहे. इथे फिश अँड वाइल्डलाइफचा ३-१७७ फॉर्म लागतो आणि माल ठरावीक विमानतळ-बंदरांतूनच आत येतो. डलास आणि ह्यूस्टन दोन्ही त्यात आहेत, हे तुमचं नशीब. पण पूर्ण तयार न केलेली कातडी कृषी खात्याने मान्यता दिलेल्या टॅक्सिडर्मिस्टकडेच जाऊ शकते. वॉर्टहॉग डुकराच्या जातीचा, आफ्रिकन स्वाइन फीव्हरमुळे त्याच्यावर जास्त नजर असते. मांस आणायचा विचारही करू नका, बिल्टाँगसुद्धा (सुकवलेलं मांस) विमानतळावर जप्त होईल. आणि कुणी "एक शिंग पुण्याला नेऊ" म्हणालं तर हात जोडा.

माळरान

सगळ्यांचे मनापासून आभार. भटक्या७१, लेन्सचं बायकोने वाचलं आणि तिला ते फार पटलंय, त्यामुळे तुम्ही माझा खर्च वाढवलात.

नवा हिशोब असा. खांद्यापर्यंतचं भरलेलं डोकं एकाचंही नाही. कुडू आणि ओरिक्सची फक्त कवटी-शिंगं आणायची, बाकी दोन्ही तिथेच. त्यासाठी डिपिंग, पॅकिंग, कार्गो आणि ब्रोकर मिळून १८०० चा अंदाज आलाय. भरलेल्या चार डोक्यांचा आकडा हा अंदाज देणाऱ्यानेच याच्या चौपटीच्या आसपास सांगितला होता. फार्म ७३४०, तिकिटं ३६००, टिप ७५०, प्रवास आणि इव्हॅक्युएशन (आजारपणात तातडीने हलवण्याचा) विमा ३००, एटोशाच्या दोन रात्री ६००, जखमी जनावरासाठी राखीव ७००. बेरीज १५०९०. बायको तीन दिवस एटोशाकडे राहिली तर ऑब्झर्व्हरचे ४५० वाचतात आणि तिकडे तेवढेच जातात, म्हणून तो आकडा हलवला नाही. भाड्याच्या रायफलीचे रोजचे पैसे अजून कळायचेत.

प्रिटोरियाकर, एकच शंका. इथे मी मचाणावरून टेकू घेऊन गोळी झाडतो. तिथे तिपाई काठ्यांवरून उभ्याने मारतात म्हणे. नेम चुकून ७०० घालवायचे नाहीत.

प्रिटोरियाकर

मग ७०० वाचवायचा उपाय तिथे नाही, तुमच्या रेंजवरच आहे. आजच तीन काठ्या घ्या आणि टेबलावरून मारणं बंद करा. आधी ५० यार्डांवर, मग १००, मग १५०. काठ्या उघडल्यापासून गोळी सुटेपर्यंत पाच-सात सेकंदांच्या वर जाऊ नका. झुडपात कुडू जेमतेम तेवढाच उभा राहतो. पीएच काठ्या रोवतो, तुम्ही रायफल टेकवता, तो कानात "दुसऱ्या झाडाच्या डावीकडे" म्हणतो आणि तुम्हाला तिथे फक्त राखाडी फांद्या दिसतात. शिंगं शोधू नका, पायांची सरळ रेघ शोधा.

आणि टेक्सासच्या हरणाची सवय सोडा. तिथे तुम्ही खांद्याच्या मागे धरता ना? इथल्या जनावरांचं हृदय आणि फुप्फुसं पुढे आणि खाली असतात. जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मधल्या रेघेने वर या आणि छातीच्या उंचीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात धरा. मागे धरलं की पोटात लागते आणि मग दिवसभर माग काढत बसा. ओरिक्स पडला की पुढून जवळ जाऊ नका, जखमी ओरिक्स शिंगं खाली करून तलवारीसारखी फिरवतो. मागून जा, पीएच सांगेल तेव्हाच.

कॅलिबरची काळजी नको. नामिबियाच्या कायद्यात कुडू-ओरिक्सला किमान २७०० जूल लागतात, थर्टी-ओ-सिक्स कॅलिबरची रायफल त्याच्या बरीच वर आहे. भाड्याची घेणार असाल तर कुठली रायफल, कुठली दुर्बीण आणि कुठली गोळी ते आत्ताच विचारून ठेवा आणि पहिल्या दिवशी दुपारी फार्मच्या टार्गेटवर सात-आठ गोळ्या झाडून बघा. त्या गोळ्यांचे पैसे कोटात आहेत का, तेही विचारा.