हूड म्हणजे नक्की काय? आपापले अनुभव लिहावेत

गेल्या रविवारी आई माझ्या सहा वर्षांच्या मुलाकडे पाहून "कार्टं भारी हूड आहे" असे म्हणाली, तेव्हा त्याने डोक्यावर ओढलेली जर्किनची टोपी मागे ढकलली आणि "आता नाहीये बघ, आजी" असे तिला सांगितले. अनावर, खोडकर पोरासाठीचा आपला 'हूड' आणि इंग्रजीतून आलेले, जर्किनच्या टोपीचे 'हूड' यांचा अर्थाने काडीचाही संबंध नाही. पण दुसऱ्याने इतकी जागा व्यापली आहे की पहिला आता आज्यांच्याच तोंडी उरला आहे, असे मला वाटते. हा शब्द आपल्याला कुठे भेटला?

नाना पेठ, रिक्षाचालक
रिक्षाच्या छताला आम्ही 'हूड'च म्हणतो. आजोबा टांगा हाकायचे, ते 'टप' म्हणत. रेक्झिन लोखंडी कमानीवर जिथे घासते, तिथे ते आधी विरते आणि पावसाळ्यात नेमके तिथूनच गळते. मागच्या जुलैत एका बाईंच्या मांडीवरच्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यावर धार लागली, तेव्हा त्यांनी मला एक शब्दही न बोलता रिक्षातच छत्री उघडली. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते. दुसऱ्याच दिवशी हूड बदलून घेतले.

कोथरूड, जर्मन भाषेची शिक्षिका
'चाइल्डहूड'मधले 'हूड' हे डोक्यावरचे हूड नव्हे. प्राचीन इंग्रजीत हे दोन निराळे शब्द होते. एकाचा अर्थ अवस्था किंवा दर्जा, दुसऱ्याचा शिरोवस्त्र. जर्मनमध्ये ते आजही वेगळे आहेत: बालपण म्हणजे 'किंडहाइट' आणि टोपी म्हणजे 'हूट'. आपल्याकडे पहिल्याचे काम 'पण' हा प्रत्यय निमूटपणे करतो, म्हणून वर्गात 'बालपण' आणि 'किंडहाइट' शेजारी लिहिले की पुढे फारसे समजवावे लागत नाही.

शिवाजीनगर, निवृत्त प्रयोगशाळा सहायक
महाविद्यालयात आमच्याकडे फ्यूम हूड होते, म्हणजे विषारी वाफा पंख्याने बाहेर खेचून नेणारे, पुढे सरकती काच असलेले कपाट. तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर असावा लागतो, पण मोजायचे यंत्र सदैव हाताशी नसे; मग मी पातळ कागदाची पट्टी काचेच्या खालच्या कडेला चिकटवून ती आत वळते का ते पाहत असे. एवढे करूनही मुले काच पूर्ण वर सरकवून डोके आत घालायची, आणि तेव्हा 'हूड' हा शब्द मला दोन्ही अर्थांनी वापरावा लागे.

धनकवडी
इंग्रजीत नागाच्या फण्यालाही हूडच म्हणतात. मानेतल्या लांब बरगड्या पसरल्या की कातडी ताणली जाते आणि पाठीमागचा दहाचा आकडा दिसतो. कात्रजच्या सर्पोद्यानात माझ्या भाच्याने तो मोठ्याने वाचला होता.

सदाशिव पेठ
बाळासाठी दुकानात 'हूडवाला टॉवेल' दाखवला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ही तर कुंची!" घरी आल्यावर त्यांनी ट्रंकेतून माझ्या नवऱ्याची खणाची जांभळी कुंची काढली, काठाची जर काळवंडली होती, पाठीवरचा झोळ मात्र शाबूत होता. टॉवेल परत केला.