मदत हवी आहे: नोकरी पुण्याच्या कंपनीची, मुक्काम म्युनिकला. कर कुठे भरायचा?

रानजाई:
नमस्कार. नवऱ्याला ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदाराचा युरोपीय निवास परवाना) मिळालं, म्हणून १२ सप्टेंबर २०२५ ला म्युनिकला आले. पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी तशीच चालू आहे, काम घरून. वर्षाला २२ लाख, पगार पुण्याच्या बचत खात्यात, टीडीएस नेहमीसारखा कापला जातो. माझ्या परवान्यावर नोकरीची मुभा आहे. एचआर म्हणतं, 'इथे कर कापतोय, तिथे काही करायची गरज नाही.' खरं आहे का? हा टीडीएस दाखवून जर्मनीत वजावट मिळेल का? आरोग्य विमा नवऱ्याच्या सरकारी विम्यातूनच आहे, फुकट. तो चालेल ना?

मोडीलिपी:
एचआरचं चुकतंय. भारत-जर्मनी दुहेरी कर टाळण्याचा करार, कलम १५: जर्मनीचा रहिवासी जर्मनीत बसून जे काम करतो, त्याच्या पगारावर कर फक्त जर्मनीचा. कंपनी कुठली, पैसे कुठल्या खात्यात पडले, याने फरक पडत नाही. 'पहिले १८३ दिवस माफ' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ती सवलत घर एका देशात ठेवून तात्पुरतं दुसऱ्या देशात काम करणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही बिऱ्हाडच हलवलंय.

वजावटीचं म्हणाल तर, मिळणार नाही. करारानुसार ज्या पगारावर भारताचा हक्कच नाही, त्यावर भारतात कापलेला कर जर्मनी वजा करून देत नाही. तो भारताकडूनच परत मागायचा. नाहीतर दोन्हीकडे भराल, आणि दोष कुणाचाच नसेल.

भारताच्या बाजूला दोन खाचखळगे आहेत.

पहिला दिवसांचा. १ एप्रिल ते १२ सप्टेंबर म्हणजे १६५ दिवस (निघण्याचा दिवस धरूनच मोजा). नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला १८२ दिवसांची मर्यादा आहे, त्यात तुम्ही अनिवासी ठरता. पण तुम्ही गेलात नवऱ्याबरोबर आणि नोकरी तीच जुनी, त्यामुळे 'नोकरीसाठी देश सोडला' हे अधिकारी मान्य करेलच असं नाही. तसं झालं तर ६० दिवसांची मर्यादा लागते, आणि मागच्या ४ वर्षांत ३६५ दिवस भारतात होतात म्हणून या आर्थिक वर्षापुरत्या तुम्ही निवासी. मग कराराच्या कलम ४ मधून वाट काढावी लागते: कायमचं घर कुठे, संसार कुठे. म्युनिकचा भाडेकरार आणि पत्त्याची नोंदणी आजच स्कॅन करून ठेवा. पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिला असेल तर त्याचाही करार ठेवा. आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत पुण्याची फेरी टाळलीत तर बरं, आणखी १७ दिवस झाले की १८२ भरतात.

दुसरा खात्याचा. 'काम परदेशात केलं, म्हणून भारतात कर नाही' हे अर्धंच खरं. अनिवासी माणसाची भारतात मिळालेली रक्कमही आयकर कायद्यात करपात्र आहे. तुमचा पगार पुण्यातच पडतो. म्हणून सूट मागायची ती करारावर, आणि त्याला जर्मन आयकर कार्यालयाचा, म्हणजे फिनान्सआम्टचा, रहिवासी दाखला लागतो. तिथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च, त्यामुळे २०२५ आणि २०२६ असे दोन दाखले मागा. एकच जोडला की जानेवारी ते मार्चचा पगार उघडा पडतो. सोबत आयकर पोर्टलवर फॉर्म १०एफ ऑनलाइन, आणि आयटीआर-२. अनिवासी माणसाला आयटीआर-१ चालत नाही. बचत खातंही बँकेला सांगून एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपया खातं, करून घ्या.

पागोळी:
जर्मनीची बाजू लिहिते. पुण्याच्या कंपनीचं जर्मनीत कार्यालय नसेल तर पगारातून जर्मन कर कापायची जबाबदारी तिच्यावर येत नाही. तो तुम्हालाच भरायचाय. एल्स्टर या जर्मन कर-पोर्टलवर खातं उघडा. सक्रिय करायचा कोड पोस्टाने येतो, तेव्हा आजच अर्ज करा. २०२५ चं विवरणपत्र ३१ जुलै २०२६ पर्यंत. पगार 'आनलागे एन' (विवरणपत्राचं पगाराचं जोडपत्र) मध्ये, पण 'कर न कापलेलं वेतन' या ओळीत. नेहमीच्या ओळीत घातलात तर कापलेल्या कराचा आकडा शोधत बसतील. रुपयांचे युरो करताना युरोपीय मध्यवर्ती बँकेचा त्या त्या महिन्याचा सरासरी दर घ्या, गूगलचा नको. जानेवारी ते सप्टेंबरच्या भारतातल्या पगारावर जर्मनी कर लावत नाही, पण उरलेल्या उत्पन्नाचा दर ठरवताना तो धरते. म्हणून तोही दाखवायचा, 'आनलागे डब्ल्यूए-ईएसटी' मध्ये.

पहिल्या हिशेबानंतर आगाऊ कराची नोटीस येईल: १० मार्च, १० जून, १० सप्टेंबर, १० डिसेंबर. नवरा कर-वर्ग ३ मध्ये (जर्मनीत पगारातली करकपात या वर्गावर ठरते) असेल तर तुमचं उत्पन्न शून्य धरून त्याचा कर कमी कापला जातोय. एकत्र विवरणपत्र भरलंत की फरक एकरकमी निघेल. आत्ताच ४ करून घ्या.

उंबरठा:
कर हा लहान भाग आहे हो, खरी काळजी विम्याची. फुकट कौटुंबिक विमा २०२५ मध्ये महिन्याला ५३५ युरोपर्यंत उत्पन्न असलेल्यालाच. तुमचं त्याच्या तिपटीहून जास्त. उशिरा कळलं तर मागच्या तारखेपासून वसुली होते, म्हणून विमा कंपनीला स्वतःहून लेखी कळवा.

जर्मनीत बसून केलेल्या नोकरीला जर्मन सामाजिक विमा लागतो. २०२५ चे दर: निवृत्ती १८.६ टक्के, आरोग्य १४.६ अधिक सरासरी २.५, बेकारी २.६, शुश्रूषा ३.६ (मूल नसेल तर ४.२). मिळून सुमारे ४२ टक्के, निम्मा वाटा कंपनीचा. कंपनी भरत नसेल तर सगळा भरण्याची जबाबदारी कायद्याने कर्मचाऱ्यावर येते.

आणखी एक, जे कुणी बोलत नाही. २२ लाख म्हणजे १०० रुपयांना युरो धरून महिन्याला १,८३० युरो. जर्मनीत २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.८२ युरो, आठवड्याला ४० तास धरले तर महिन्याला सुमारे २,२२२. परदेशी मालकालाही ते लागू आहे. वर्गणी मोजताना हातात आलेला नव्हे, देणं लागणारा पगार धरतात; २,२२२ वर ४२ टक्के म्हणजे ९३० च्या आसपास. १ जानेवारी २०२६ ला किमान वेतनाचा दर १३.९० झाला.

रानजाई:
बापरे. दोन देशांत सामाजिक सुरक्षेचा करार आहे ना? पीएफ चालू आहे माझा.

उंबरठा:
आहे, १ मे २०१७ पासून. कंपनीनेच पाठवलेल्या माणसाला ४८ महिने पीएफ कार्यालयाचं संरक्षण प्रमाणपत्र मिळतं. त्याने जर्मन निवृत्ती आणि बेकारी वर्गणी सुटते, आरोग्य विमा सुटत नाही. पण तुम्ही स्वतःहून आलात. 'कामासाठी पाठवलं' असं खोटं पत्र एचआरकडून घेऊ नका, दोन्हीकडे अडकाल. दोन सरळ मार्ग आहेत. कंपनीने बुंडेसआगेंटूर या जर्मन रोजगार संस्थेकडून मालकाचा नोंदणी क्रमांक घेऊन एखाद्या जर्मन पगार-सेवेमार्फत वर्गणी भरायची, किंवा मनुष्यबळ पुरवण्याचा परवाना असलेल्या जर्मन कंपनीच्या पटावर तुम्हाला घ्यायचं. त्यात सहसा १८ महिन्यांची मर्यादा असते.

मोडीलिपी:
तुमच्या कामात ग्राहकांशी करार ठरवणं किंवा सह्या करणं येतं का? येत असेल तर कंपनीचीच जर्मनीत कायम आस्थापना (कराच्या दृष्टीने शाखाच) झाली असा अर्थ निघू शकतो, आणि नफ्यावर कर लागतो. एचआरपेक्षा कंपनीच्या वित्त विभागाला हे लवकर समजेल. पत्र त्यांनाच लिहा, त्यात १२ सप्टेंबर ही तारीख आणि किमान वेतनाचा आकडा घाला. टीडीएस थांबवायचा तर आयकर खात्याच्या ट्रेसेस या टीडीएस पोर्टलवरून अर्ज भरून शून्य कपातीचा दाखला काढता येतो. तो मिळेपर्यंत कंपनी कापणारच, ती रक्कम आयटीआरमधून परत मागा.