मदत हवी आहे: यीस्टमध्ये सेक४ जागेवर दिसतच नाहीये, शुक्रवारी प्रेझेंटेशन

अर्धवट_पीएचडी
नमस्कार मंडळी, वेळ नाहीये म्हणून थेट मुद्दा. सेक४ला (राब कुटुंबातलं प्रोटीन, पेशीचा माल बाहेर नेणाऱ्या पिशव्यांवर बसतं) जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रोटीन, लावलाय. सगळ्या पेपरांत बडच्या (आईपेशीला फुटणाऱ्या अंकुराच्या) टोकाला झकास हिरवा ठिपका दिसतो आणि माझ्याकडे काय तर अख्खी पेशी हिरवीगार, मधे व्हॅक्यूओलचं काळं भोक, बस्स. तीन आठवडे हेच चाललंय. गाइड म्हणतात तुला फोकस करता येत नाही. फोकस येतो हो मला. कुणी हे काम केलंय का? शुक्रवारी लॅब मीटिंगला दाखवायचंय. लवकर सांगा प्लीज.

पोदेर_भुरगो
यीस्ट जुनं असेल. कोमट पाण्यात चमचाभर साखर घालून दहा मिनिटं ठेवा, वर फेस आला तर जिवंत, नाहीतर पुडी फेकून द्या. पाणी कढत घेतलंत तर मरतं. आमच्याकडे गोव्यात पूर्वी पोदेर पावाला सूर घालायचे, त्याची चव पुडीतल्या यीस्टला येत नाही हे आधीच सांगून ठेवतो.

अर्धवट_पीएचडी
दादा, मी पाव करत नाहीये :(

आरपीएम
पेशी स्लाइडवर घ्यायच्या आधी सेंट्रिफ्यूज करतोस का? किती वेगाने? आणि धुतोस कशात? सेक४ ज्या व्हेसिकलवर (मालाच्या छोट्या पिशवीवर) बसतो ती व्हेसिकल मायो२ हा मायोसिन ओढत नेतो ॲक्टिन प्रोटीनच्या केबलवरून, आणि ग्लुकोज काढून घेतलं की काही मिनिटांत यीस्टचं ॲक्टिन विस्कटतं. मग व्हेसिकल जाणार कशावरून? तुझी केस शंभर टक्के हीच आहे, माझं यात एक वर्ष गेलंय.

अर्धवट_पीएचडी
पीबीएसमध्ये (मिठाच्या बफरमध्ये) धुतो दोनदा. सगळेच धुतात ना?

आरपीएम
झालं तर मग. पीबीएसमध्ये ग्लुकोज असतं का? उपाशी ठेवतोस आणि वर म्हणतोस काम का करत नाहीत. मीडियातच (वाढीच्या द्रावणातच) ठेव, फिरवू नकोस, तसाच थेंब घे आणि दोन मिनिटांत बघ. पुढचा धागा काढायची गरज पडणार नाही.

निवृत्त_मास्तर
सेक४सारख्या जी-प्रोटीनविषयी (जीटीपी हा रेणू धरणाऱ्या प्रोटीनविषयी) चर्चा पाहून आनंद झाला. ३१ वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. विद्यार्थ्याने मूळ संकल्पना पक्की करावी. पेशीत वाहतुकीला ऊर्जा लागते, ती ऊर्जा जीटीपी तुटून मिळते, म्हणूनच या प्रथिनांना जीटीपी लागतो. तुमच्या मीडियात फॉस्फेट कमी पडत असेल का?

कोपऱ्यातली_बेंच
मास्तर, राग मानू नका पण इथे ते तसं नाही. व्हेसिकल ओढायचं काम मायोसिनचं, आणि तो खर्च करतो एटीपी. सेक४चा जीटीपी इंधनासाठी नाहीच, तो खुणेसाठी आहे. जीटीपी धरलाय तोवर सेक४ इतर प्रथिनांना 'ये' म्हणतो, तुटून जीडीपी झाला की तोंड फिरवतो. जीटीपी बसवणारा वेगळा (सेक२), तोडायला लावणारे वेगळे (एमएसबी३, एमएसबी४ वगैरे), आणि जीडीपीवाल्या सेक४ला पडद्यावरून (मेम्ब्रेनवरून) उचलून परत आणणारा जीडीआय वेगळा. सेक४चा ७९ नंबरचा ग्लुटामिन बदलून ल्युसिन केला की जीटीपी नीट तुटत नाही, म्हणजे खूण कायम चालू. मग वाहतूक वाढायला हवी ना? उलट ती मंदावते आणि पेशी थंडीत नीट वाढत नाहीत. फेरा पूर्ण झाला पाहिजे, नुसतं चालू असून भागत नाही.

निवृत्त_मास्तर
पाठ्यपुस्तकात ऊर्जा असाच शब्द होता. असो. शिकतो आहे.

चहाबाज
बेंचताई, एवढं जड कशाला. एसटी घ्या. राब प्रोटीन म्हणजे गाडीच्या कपाळावरचा फलक. गाडी गोल्जीहून (पेशीतल्या मालाच्या पॅकिंग केंद्राहून) निघते तेव्हा वायपीटी३१ आणि ३२ या राबचा फलक, तोच सेक२ला बोलावतो, सेक२ येऊन सेक४चा नवा फलक लावतो. तो बघून बडच्या टोकावरचे एक्सोसिस्टवाले, आठ जणांची गँग आहे ती, गाडी थांबवतात, त्यातला सेक१५ तर थेट सेक४चा हात धरतो. गाडी लागली की फलक उतरवून डेपोत परत, तो जीडीआय. समजलं का धागामालक?

आरपीएम
फलकाची उपमा गोड आहे पण चुकते. सेक४ आणि वायपीटी१ (दुसरा राब) यांचे तुकडे जोडून १९९३मध्ये एक मिश्र प्रोटीन केलं होतं, ते एकटं दोघांचीही कामं करायचं, ईआर (जिथे हा माल तयार होतो) ते गोल्जीही आणि गोल्जी ते बाहेरही, आणि माल चुकीच्या जागी गेला नाही. एकाच फलकावर 'सातारा' आणि 'नागपूर' दोन्ही लिहिलंय आणि तरी सगळ्या गाड्या बरोबर पोचतात, तर मग फलक बघून कोण चाललंय? पत्ता नुसत्या राबवर नसतो.

चहाबाज
अहो उपमा होती, शपथपत्र नव्हतं. मालकाला समजलं ना, झालं.

अर्धवट_पीएचडी
मालकाला एसटी समजली, ठिपका नाही मिळाला. आरपीएम, काल तुम्ही सांगितलं तसंच केलं. मीडियात ठेवलं, फिरवलं नाही, दोन मिनिटांत बघितलं. तेच. हिरवं हिरवं गार गार. काळं भोक आहे तिथेच.

ल्युडॉक्स
घाईत आहेस माहीत आहे तरी हे वाच, मन रमेल. रँडी शेकमन आणि पीटर नोविक बर्कलीला माल बाहेर टाकण्यात बिघाड असलेले यीस्टचे म्युटंट शोधत होते तेव्हा त्यांनी लावलेली युक्ती अशी की ज्या पेशी माल बाहेर टाकू शकत नाहीत त्या आत माल साठवत जातात पण फुगत नाहीत, म्हणून जड होतात. मग ल्युडॉक्सच्या ग्रेडियंटमध्ये (खाली जास्त दाट होत जाणाऱ्या द्रवात) जड पेशी खाली बसतात त्या वेगळ्या काढल्या. १९८०मध्ये असे २३ जीन मिळाले, तुझा सेक४ त्यातलाच. १९८७मध्ये सिक्वेन्स आला तेव्हा कळलं की हा रास या कॅन्सरशी जोडलेल्या प्रोटीनचा भाऊबंद आहे. आणि वायपीटी१ तर त्याआधीच १९८३मध्ये हाती लागला होता, ॲक्टिन आणि ट्यूब्युलिनच्या जीनच्या मधे पडलेला, आणि तेव्हा त्याचं काम काय ते कुणाला माहीत नव्हतं. २०१३चं नोबेल शेकमन, रॉथमन आणि झ्यूडहॉफ तिघांना.

अर्धवट_पीएचडी
सर खरंच छान आहे पण शुक्रवार.

कोपऱ्यातली_बेंच
अरे बाबा, तू काहीच सांगितलेलं नाहीयेस. स्ट्रेन कुठली? प्लाझमिडवर (वेगळ्या डीएनए वर्तुळावर) आहे का जीनोममध्ये? प्रमोटर (जीन चालू करणारा भाग) स्वतःचा का दुसरा? तापमान किती? एवढं सांग आधी, मग बोलू. नुसतं 'जीएफपी लावलाय' म्हणजे 'गाडीत बिघाड आहे' असं गॅरेजवाल्याला फोनवर सांगण्यासारखं झालं.

अर्धवट_पीएचडी
सॉरी ताई. स्ट्रेन आमची नेहमीचीच वाइल्ड टाइप, ३० डिग्री. प्लाझमिड आहे, टू मायक्रॉनचा. आधी जीनोममध्येच करायचं होतं, चार वेळा ट्रान्सफॉर्मेशन केलं पण कॉलनीच येत नाहीत, आल्या तर सहा-सात, आणि पीसीआर केलं की सगळ्या खोट्या निघतात, कॅसेट (टॅगचा डीएनए तुकडा) भलतीकडेच बसलेली. त्याच कॅसेटने आमच्या लॅबमध्ये दुसऱ्यांचे दहा जीन टॅग झालेत. कंटाळून प्लाझमिडवर टाकलं, ते लगेच आलं.

आरपीएम
ट्रान्सफॉर्मेशनचा प्रॉब्लेम आहे मग. लिथियम ॲसिटेट ताजं केलंस का? सॅल्मन स्पर्म डीएनए उकळून लगेच बर्फात ठेवतोस ना? ४२ डिग्रीला ४० मिनिटं द्यायची, घाई करायची नाही. पीईजीची बाटली उघडी राहिली तरी वाट लागते. माझा सल्ला, बाटली बदल.

चहाबाज
आणि टू मायक्रॉनवर कॉपी भरपूर असतात, सेक४ इतका झाला की सगळ्यांना जागा कुठून मिळणार, उरलेला पेशीभर हिंडणारच. सेन प्लाझमिडवर टाक, एक-दोन कॉपी, पार्श्वभूमी साफ होईल.

कोपऱ्यातली_बेंच
थांबा सगळे. बाटली बदलू नकोस. चहाबाजांचं म्हणणं बरोबर आहे पण ते पुढचं. मला एकच सांग. जीएफपी सेक४च्या सुरुवातीला लावलाय की शेवटी?

अर्धवट_पीएचडी
शेवटी. सगळे शेवटीच लावतात ना? कॅसेट तशीच आहे.

कोपऱ्यातली_बेंच
तिथेच मेख आहे बघ.
सेक४ला पडद्यात शिरायला स्वतःचा असा काही लांब तुकडा नाही. २१५ अमिनो ॲसिडचं प्रोटीन, आणि अगदी शेवटची दोन सिस्टीन. त्या दोन्हींवर पेशी एकेक चरबीची शेपटी लावते, २० कार्बनची, जेरानिलजेरानिल. एमआरएस६ सेक४ला धरून आणतो आणि बेट२-बेट४ शेपट्या चिकटवतात. त्या शेपट्यांनी तो व्हेसिकलला चिकटतो. तू शेवटी जीएफपी लावलास म्हणजे ती सिस्टीन टोकाला राहिलीच नाहीत, मधे दबली, त्यांच्यापुढे अख्खा जीएफपी आला. एन्झाइमला टोकाची सिस्टीन लागतात. शेपटी नाही, म्हणून व्हेसिकल नाही, म्हणून ठिपका नाही. जीएफपी चांगला चमकतोय, सेक४ बनतोय, पण पाण्यात सोडलेल्या बोटीसारखा पेशीभर तरंगतोय. व्हॅक्यूओलमध्ये तो जात नाही म्हणून तुझं काळं भोक.

आणि जीनोममध्ये कॉलनी का येत नाहीत ते आता बघ. सेक४ अत्यावश्यक जीन आहे. हॅप्लॉइड पेशीत तो एकच असतो, त्याचीच शेपटी कापलीस तर पेशी जगणार कशावर? ज्या आल्या त्यांत कॅसेट भलतीकडे बसली म्हणूनच त्या जगल्या. तुझं ट्रान्सफॉर्मेशन व्यवस्थित आहे. प्लाझमिड चाललं कारण खाली चांगला सेक४ पेशीचं घर चालवतोय.

आरपीएम
एक मिनिट, मी एक्सो७०ला शेवटी लावलाय, सेक२ला शेवटी लावलेले लोक आहेत, झकास दिसतात दोन्ही. शेवटी लावणं चूक असतं तर २००३चा तो अख्खा संग्रह, ४,१५६ प्रोटीनांचा, सगळा शेवटीच टॅग केलेला आहे.

कोपऱ्यातली_बेंच
एक्सो७० आणि सेक२ राब नाहीत हो. त्यांना शेपटी लागत नाही. सगळ्या राबना शेवटी टॅग लावला की हीच बोंब. वायपीटी१, वायपीटी७, वायपीटी३१, सगळेच. रासचंही शेवटचं टोक असंच जपावं लागतं. आणि संग्रहाचं म्हणाल तर शेवटी टॅग लावला की ज्यांचं टोकच कामाचं असतं त्यांची चित्रं संग्रहात असली तरी मी विश्वास ठेवत नाही.

आरपीएम
ठीक, हे मान्य. ॲक्टिनचं माझं मात्र मी मागे घेत नाही, पीबीएस वाईटच.

निवृत्त_मास्तर
म्हणजे एका टोकाच्या दोन सिस्टीनसाठी एवढं? नवीन पाठ्यपुस्तकात हे घ्यायला हवं.

अर्धवट_पीएचडी
ताई मी आत्ता भिंतीवर डोकं आपटतोय. म्हणजे तीन आठवडे मी सायटोसोलचा फोटो काढत होतो. गाइडना काय सांगू? शुक्रवारी काय दाखवू?

कोपऱ्यातली_बेंच
शुक्रवारी हेच दाखव, उत्तम होईल. तुमच्याकडे सेक४-८ म्युटंट आहे का फ्रीजरमध्ये? २५ डिग्रीला वाढतो, ३७ला मरतो तो. त्यात तुझं शेवटी टॅगवालं प्लाझमिड टाक आणि प्लेट ३७ला ठेव. वाढलं नाही तर सिद्ध झालं की तुझा सेक४ कामाचा नाही. बाजूला साधा सेक४ असलेलं प्लाझमिड कंट्रोल म्हणून, तो वाढला पाहिजे. प्लेट आज लावलीस तर शुक्रवारपर्यंत दिसेल.
नवा क्लोन: जीएफपी आधी, मधे छोटा लिंकर, मग सेक४, आणि शेवटचे सिस्टीन उघडे. प्रमोटर सेक४चाच, सेन प्लाझमिड. परत सेक४-८मध्ये टाकून ३७ला जगतो का ते आधी बघ, मायक्रोस्कोपवर नंतर जा.

अर्धवट_पीएचडी
सेक४-८ आहे. लेबलवर कुणीतरी २५ खोडून २४ लिहिलंय, चालेल?

कोपऱ्यातली_बेंच
चालेल. ३७ मात्र ३७च. इन्क्युबेटरमध्ये थर्मामीटर ठेवून बघ, पॅनलवर विश्वास ठेवू नको.

पोदेर_भुरगो
३७ला पीठही चांगलं फुगतं.

आरपीएम
३७ला हलवल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास ॲक्टिन विस्कटलेलंच असतं, नंतर सावरतं, म्हणून लगेच मायक्रोस्कोपखाली बघशील तर फसशील हे लक्षात ठेव.

अर्धवट_पीएचडी
(१९ दिवसांनी)
कबूल केल्याप्रमाणे परत आलो. प्लेट शुक्रवारी दाखवली, शेवटी टॅगवाला ३७ला कोरा, साधा सेक४ भरगच्च. गाइड दहा सेकंद प्लेटकडे बघत राहिले आणि म्हणाले हे आधीच का केलं नाही. मी काही बोललो नाही.
नवा क्लोन परवा आला. ३७ला जगतो. आणि ठिपका आहे! छोट्या बडच्या अगदी नाकावर. मोठ्या बडवाल्यांत मात्र टोकाला नाही, आई आणि बडच्या मधल्या मानेवर आडवी रेघ दिसते. आणि काही पेशींत कुठेच काही नाही, नुसता धूसर हिरवा. परत काही बिघडलंय का? घाबरून विचारतोय.

कोपऱ्यातली_बेंच
काही बिघडलेलं नाही. पेशी वाटणी करायला आली की व्हेसिकलं मानेकडे वळतात, तिथे नवी भिंत घालायची असते. तुझी रेघ बरोबर आहे. धूसरवाल्या पेशी मधल्या वेळच्या, बड सगळीकडून फुगत असताना टोकाला फारसं काही नसतं. बडच्या मापाप्रमाणे पेशी वेगळ्या करून मोज, किमान शंभर. आणि पीबीएस?

अर्धवट_पीएचडी
सोडलं.

आरपीएम
बघा, शेवटी माझंच ऐकलं.