मैत्रिणींसोबत दोन दिवस जॉन्जू: सल्ला हवा आहे

सोनचाफा:
नमस्कार मंडळी. मी दीड वर्षापासून नोकरीनिमित्त सोलमध्ये आहे. ऑक्टोबरच्या शेवटी पुण्याहून कॉलेजच्या तीन मैत्रिणी येतायत. सोल फिरून झालं की दोन दिवस एखाद्या जुन्या गावात राहायचं आहे. जॉन्जू आणि ग्योंगजू, दोन्ही एका फेरीत होतील का? एकजण शाकाहारी आहे (अंडं खाते), एकीचे गुडघे दुखतात. हानोकमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या कौलारू घरात राहायची सगळ्यांची फार इच्छा आहे.

डोंगरवाट:
दोन्ही एकत्र अजिबात नको. जॉन्जू नैर्ऋत्येला, ग्योंगजू आग्नेयेला; अर्धा वेळ प्रवासातच जाईल. ग्योंगजू म्हणजे सिल्ला या प्राचीन राज्याच्या राजांची राजधानी. गावाच्या मधोमध हिरव्या टेकड्यांसारखी त्यांची थडगी, शिवाय बुल्गुक्सा मंदिर आणि सोकुराम गुहेतला बुद्ध. त्यासाठी वेगळे दोन दिवस काढा. खाणं आणि हानोक हवं असेल तर जॉन्जू.

पायवाट:
जॉन्जूला मी तीनदा गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सोलच्या योंगसान स्टेशनहून केटीएक्स (वेगवान रेल्वे) पकडा, पावणेदोन तासांच्या आसपास पोचता. शनिवार-रविवारची तिकिटं लवकर संपतात, तेव्हा मैत्रिणींचं विमान पक्कं झालं की लगेच काढून ठेवा. स्टेशनपासून हानोक वस्तीपर्यंत टॅक्सी करा, चौघींत परवडते.

सगळ्यात महत्त्वाचं, रात्र वस्तीतच काढा. इथे सातशेच्या आसपास हानोक आहेत आणि दुपारी मुख्य रस्त्यावर भाड्याच्या हानबोकमधल्या (पारंपरिक कोरियन पोशाखातल्या) मुलामुलींची एवढी गर्दी असते की घरांकडे लक्षच जात नाही. पहिल्या वेळी मी सकाळी जाऊन संध्याकाळी परतले आणि मला गाव आवडलं नव्हतं. दुसऱ्या वेळी मुक्काम केला. पहाटे साडेसहाला बाहेर पडले तर गल्लीत एक आजोबा दारापुढचा पाला झाडत होते, बाकी कोणी नाही. कौलांवर दव होतं. तेव्हा कुठे गाव दिसलं.

संध्याकाळी ऊन कलताना ओमोकदेच्या टेकडीवर चढा, लाकडी पायऱ्या आहेत, फार नाहीत. तिथून सगळी कौलं एका नजरेत येतात. 1380 मध्ये समुद्री चाच्यांना हरवून परतताना यी सोंग-ग्येने इथेच मेजवानी दिली, असं सांगतात. पुढे 1392 मध्ये त्यानेच जोसॉन राजघराणं स्थापन केलं. त्याचं चित्र ठेवण्यासाठी 1410 मध्ये ग्योंगगीजॉन बांधलं. आवारात राजवटीच्या बखरी ठेवायची कोठी आहे, ती चुकवू नका. 1592 च्या जपानी स्वारीत बाकी ठिकाणच्या प्रती जळाल्या. इथली तेवढी लोकांनी नेजांगसानच्या डोंगरात नेऊन वाचवली. त्या कोठीसमोर उभं राहिल्यावर मला भरून आलं होतं.

तारीख हलत असेल तर नोव्हेंबरचा पहिला-दुसरा आठवडा बघा. ह्यांग्यो या जुन्या पाठशाळेतले शेकडो वर्षांचे गिंको वृक्ष तेव्हा पिवळेधमक होतात. आणि शुक्रवारी निघा, कारण नाम्बू बाजारातला रात्रबाजार शुक्रवार-शनिवारीच असतो.

कोथिंबीर:
शाकाहारी मैत्रिणीसाठी लिहिते, मीही शाकाहारी आहे. बिबिम्बाप (भाज्या घालून कालवायचा भात) जॉन्जूचाच, पण तिथे त्यावर बऱ्याचदा कच्चं गोमांस असतं. 'गोगी प्पे जुसेयो' म्हटलं की मांस काढून देतात. पण पारंपरिक पद्धतीत भातच हाडांच्या रश्श्यात शिजवतात. हे मला एका हॉटेलात अर्धा वाडगा संपल्यावर कळलं आणि फार वाईट वाटलं. म्हणून भात कशात शिजवलाय, हे आधी विचारा. किमचीत (आंबवलेल्या तिखट भाजीत) बहुधा मासळीचं खारवण असतं. कोरियनमध्ये चार ओळी लिहून फोनवर ठेवा आणि बसायच्या आधी दाखवा.

बाकीच्यांनी सकाळी कोंगनामुल गुकबाप खावा. मोड आलेल्या सोयाबीनचा उकळता रस्सा-भात, सोबत वाटीत अर्धकच्चं अंडं. त्या अंड्यावर दोन-तीन चमचे रस्सा घालायचा, समुद्रशेवाळाचा पापड चुरायचा आणि आधी ते संपवायचं. रस्सा बहुतेक ठिकाणी सुक्या मासळीचा असतो, त्यामुळे शाकाहारी मैत्रिणीला नाही चालणार. तिला मोजू पाजा. दालचिनी, आलं, खारका-बोरांसारखं फळ घालून उकळलेली माक्गल्ली, म्हणजे तांदळाची पांढरट दारू. दारू जवळजवळ उडून गेलेली असते.

सोनचाफा:
किती मनापासून लिहिलंत! ग्योंगजू बाद. गुडघ्यांचं काय, जमिनीवरच झोपावं लागतं ना?

पायवाट:
हो, ओन्दोलच्या तापलेल्या जमिनीवर गादी घालतात. थंडीत दुखऱ्या सांध्यांना शेक छान मिळतो, पण उठताना त्रास होतो. पलंग असलेल्या खोल्याही काही हानोकमध्ये असतात, बुकिंग करताना विचारून घ्या. उंबरे उंच असतात, मैत्रिणीला रात्री जपून चालायला सांगा. आणि दारं कागदाची असतात, शेजारच्या खोलीत कुजबुजसुद्धा ऐकू जाते. रात्रीच्या गप्पा माक्गल्लीच्या दुकानातच आटपून या. सामचॉन-दोंग भागात एक किटली मागवली की टेबल भरून पदार्थ येतात.

सोनचाफा:
तिघींशी बोलले. विमानाची तिकिटं अजून काढली नव्हती, त्यामुळे नोव्हेंबरचा दुसरा शुक्रवार ठरवला. पलंगाची एक आणि जमिनीवरची एक अशा दोन खोल्या एकाच हानोकमध्ये मिळाल्या. कोथिंबीर, त्या चार ओळी कोरियनमध्ये इथेच टाकाल का?

कोथिंबीर:
रात्री घरी गेल्यावर टाकते. भाताची ओळ सगळ्यात वर ठेवते.