फॅमिली ग्रुप: बापूकाकांची आल्प्स स्वारी

काकू: इथे विचारते, कारण घरात विचारून उपयोग नाही. ह्यांनी जुलैत जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फहून इटलीतल्या गार्डा सरोवरापर्यंत इलेक्ट्रिक माउंटन बाईकवर जायचं ठरवलंय. मला हे आज सकाळी दादाच्या फॉरवर्डवरून कळलं. चढ मोटर करेल. उतार कोण करणार?

बापूकाका: ठरवलेलं नाही. विचार चालू आहे.

छोटू: हेल्मेटचं कुरिअर काल मीच घेतलं 😄

माईआत्या: लडाखच्या वेळीही असाच "विचार चालू" होता.

बापूकाका: माई, लडाखला त्रास उंचीचा झाला. खारदुंग्ला 5359 मीटर. इथले घाट त्याच्या निम्म्याहून कमी आहेत. आणि हा मार्ग काही ऐरागैरा नाही, ज्याच्या नावाने तो ओळखला जातो तो आंडी हेकमायर 1989 मध्ये सायकलवर गेला होता. नंतर कितीतरी लोक गेले.

दादा म्युनिक: काका, त्याच्याकडे बिनमोटरची सायकल होती. ह्या मार्गावरच्या श्रोफेनपास घाटात वाट कड्याला चिकटून जाते, सायकल ढकलत किंवा खांद्यावर घेऊन जावी लागते. आपली भाड्याची ई-बाईक 24 किलोची. ढकलायचा मोड असतो, ताशी 6 किलोमीटरपर्यंत. पण पायऱ्यांसारख्या दगडांत तो काय कामाचा?

भावोजी: माझी ई-बाईक पुण्याहूनच आणली तर भाडं वाचेल का?

दादा म्युनिक: नाही भावोजी. प्रवासी विमानात 160 वॉट-अवरच्या वरची बॅटरी घेत नाहीत. ह्या सायकलींची 500 ते 750 असते. भाड्यानंच घ्यायची.

माईआत्या: ह्या गाडीला लायसन्स लागतं का?

दादा म्युनिक: नाही आत्या. मोटर 250 वॉटची, पेडल मारलं तरच मदत करते आणि ताशी 25 च्या पुढे बंद होते.

काकू: उतार कोण करणार?

अण्णा नागपूर: मी हिशेब करून देतो. बापू 80 किलो, सायकल 24, सामान 6. एकूण 110. हे 1000 मीटर वर न्यायला नुसती 300 वॉट-अवर ऊर्जा लागते. मोटरमधली गळती, खडी, चिखल वेगळं. टर्बोवर, म्हणजे मोटरच्या पूर्ण मदतीवर, ठेवलीस तर 750 ची बॅटरी दुसऱ्या हजार मीटरांत कुठेतरी संपेल. इकोवर, म्हणजे कमी मदतीवर, ठेवून अर्धं काम पायांनी केलंस तर दिवस निघेल. चाळीस वर्षं वीज मंडळात होतो, म्हणून सांगतो.

ताई: अण्णा, तुमची नोकरी माहीत आहे सगळ्यांना. वर हॉटेलात चार्ज करता येत नाही का?

दादा म्युनिक: गावात येतं. डोंगरातल्या मुक्कामाच्या झोपड्यांत खात्री नाही. बऱ्याच ठिकाणी वीज त्यांची त्यांचीच असते, सौर किंवा ओढ्यावरची. आधी फोन करून विचारायचं.

बापूकाका: जुलैत नको असेल तर सप्टेंबर करू. हवा जास्त स्थिर असते म्हणतात.

माईआत्या: सप्टेंबरात गणपती आहेत. गौरींचं सगळं मागच्या वर्षीही मी आणि वहिनीनंच केलं. तेव्हा कोण कुठे होतं ते लिहीत नाही.

बापूकाका: बरं, जुलै.

दादा म्युनिक: जुलैत दुपारनंतर विजांचा पाऊस येतो. सातला निघायचं, दोनच्या आत छपराखाली. ह्यात सूट नाही.

अण्णा नागपूर: व्हिसा कुठल्या देशाचा? ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज करायचा. मागे एकाने भलतीकडे केला आणि नाकारला गेला. कोण ते बोलत नाही.

भावोजी: अण्णा, मी ग्रुपवर आहे.

दादा म्युनिक: माझ्याकडे सात रात्री, ऑस्ट्रियात तीन, इटलीत चार. म्हणजे जर्मनी. फी 90 युरो, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. विमा किमान 30,000 युरोचा लागतोच, पण अटी वाचा. स्वस्त पॉलिसीत डोंगरातलं सायकलिंग आणि हेलिकॉप्टर वगळलेलं असू शकतं. अल्पाइन क्लबचं, म्हणजे तिथल्या गिर्यारोहकांच्या संघटनेचं, सभासदत्व घ्या, त्यात बचावाचा विमा येतो.

काकू: हेलिकॉप्टर?? उतार कोण करणार, मी सकाळपासून विचारतेय.

दादा म्युनिक: काकू, तुमचा प्रश्नच बरोबर आहे. मी काकांना खासगीत लिहिलं होतं, आता इथेच लिहितो. मोटरमुळे नवखा माणूसही दोन हजार मीटरवर पोचतो. खाली येताना मात्र सगळं त्याच्या हातांवर असतं. जड सायकल, लांब उतार, सुट्टी खडी. सतत ब्रेक दाबून ठेवला की डिस्क तापते आणि पकड कमी होते. हेकमायरचा मार्ग ह्या वर्षी नको. व्हिया क्लाउडिया घेऊ, जुना रोमन रस्ता. त्यावरचे घाट दोन, फेर्नपास 1216 मीटर, रेशेनपास 1507. दोन्हीकडे सायकल नेणारी बसही मिळते. रेशेननंतर इटलीतल्या मेरानोपर्यंत सुमारे 80 किलोमीटर सफरचंदाच्या बागांतून सायकलमार्ग आहे. निघण्याआधी एक दिवस प्रशिक्षकाबरोबर फक्त उतरायचा सराव.

बापूकाका: तो मार्ग म्हाताऱ्यांचा आहे.

अण्णा नागपूर: बापू, तू चौसष्टचा आहेस.

बापूकाका: सिंहगड दर रविवारी चढतो मी. तुम्ही कोण चढता? मधली दोन डोंगरी वळणं तरी ठेवा. जंगलात रस्ते आहेतच.

दादा म्युनिक: ऑस्ट्रियात जंगलातला रस्ता सायकलसाठी खुला असल्याचा फलक असेल तरच जायचं, 1975 च्या वनकायद्यापासून तसंच आहे. टिरोलमध्ये खुले मार्ग भरपूर आहेत. दोन मी काढतो, सोपे.

काकू: सफरचंदाच्या बागांचा रस्ता सपाट आहे का?

दादा म्युनिक: बहुतेक उतार, पण डांबरी आणि सौम्य. एकदोन ठिकाणीच तीव्र.

काकू: मग तिथून मी पण येते. बाकी तुम्ही या खाली.

छोटू: काकू!!! 🙌

बापूकाका: आता मला काही बोलायचं नाही. रेशेन तर रेशेन. पण पुढच्या वर्षी श्रोफेनपासचं बघू.

काकू: आधी ह्या वर्षी ब्रेक शिका.

अण्णा नागपूर: बापू, तुझा पासपोर्ट सप्टेंबरात संपतोय. शेंगेन, म्हणजे ह्या एकाच व्हिसावरचे युरोपातले देश, सोडल्यावर तीन महिने मुदत शिल्लक लागते. आधी नूतनीकरण, मग सायकल.

बापूकाका: उद्या अपॉइंटमेंट घेतो.

काकू: दोघांची घ्या.