नखांवर ठिपके, चिरलेले ओठ, गुळगुळीत जीभ: नेमकं काय कमी पडतंय?

टिंबटिंब: नखांवर पांढरे ठिपके, तोंडाचे दोन्ही कोपरे चिरलेले, जीभ कडेने लाल आणि गुळगुळीत. सरळ मल्टिव्हिटॅमिन सुरू करावं की आधी रक्त तपासावं? ठिपके म्हणजे कॅल्शियम कमी, असं जो तो सांगतो.

सोनचाफा: ठिपके सोडून द्या, त्यांचा कॅल्शियमशी संबंध नाही. नखाच्या मुळाशी बारीक मार बसला, कडेची कातडी कुरतडली की ते उमटतात. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, त्याबरोबर ठिपका पुढे सरकत जातो.

जिभेचं मात्र मनावर घ्या. निरोगी जिभेला मखमलीसारखी लव असते. ती झडली की जीभ सोलल्यासारखी दिसते. बी12, फोलेट (म्हणजे बी9), लोह, काहीही कमी असलं तरी चित्र हेच, नुसतं बघून सांगता येत नाही. सोबत बोटांची पेरं काळवंडली असतील तर बी12चा संशय घ्यावा. नख इतकं खोलगट झालंय की पाण्याचा थेंब त्यात ठरतो, तर लोहाचा.

खडूफळा: कोपरे बी2 किंवा लोह कमी असल्यानेही चिरतात, पण ओठ चाटायची सवय, सैल कवळी आणि बुरशी हीसुद्धा नेहमीची कारणं. बुरशी असेल तर मलमाशिवाय भागत नाही, गोळ्या कितीही घ्या.

आधी रक्तच. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी12, फोलेट. सीबीसीत एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, बघा: 80च्या खाली असेल तर बहुधा लोह, 100च्या वर असेल तर बी12 किंवा फोलेट. गोची अशी की दोन्हीकडची कमतरता एकदम असली तर एमसीव्ही 90 वगैरे, अगदी शहाण्यासारखा येतो. म्हणून फेरिटिन आणि बी12 गाळू नका. आणि नुसतं फॉलिक ॲसिड (गोळीतलं फोलेट) तर नकोच. बी12 कमी असताना त्याने हिमोग्लोबिन सुधारतं, सगळं ठीक वाटतं, आणि आत नसांची हानी चालूच राहते.

टिंबटिंब: केसांसाठी बायोटिन 10 मिलिग्रॅम चालू आहे. चालेल?

खडूफळा: रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे बी12चा आकडा खोटाच जास्त येतो, थायरॉइडचेही गडबडतात. लॅबला तसं सांगूनही ठेवा.