न्यूरॉलॉजिस्टची वेळ पाच आठवड्यांनंतरची आहे. तोवर मुंग्या आणि बधिरपणा यांचे काय करावे?

प्रश्न

गेल्या सात आठवड्यांपासून माझ्या दोन्ही तळव्यांना मुंग्या येतात. सुरुवातीला त्या केवळ रात्री अंथरुणावर पडल्यावर जाणवत; आता दिवसाही येतात आणि पायांत मोजे नसताना मोजे घातल्यासारखे वाटते. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारच्या बोटाची अर्धी बाजू सकाळी उठताना बधिर असते व हात झटकल्यावर काही मिनिटांत पूर्ववत होते. मधूनच उजवी पोटरी आपोआप फडफडते. फॅमिली डॉक्टरांनी रक्तातील साखर व हिमोग्लोबिन तपासले. दोन्ही ठीक आल्याने त्यांनी न्यूरॉलॉजिस्टसाठी चिठ्ठी दिली, पण वेळ मिळाली ती पाच आठवड्यांनंतरची.

मुंग्यांपेक्षा ही प्रतीक्षाच अधिक छळते आहे. रात्री मोबाइलवर एकेका लक्षणाचा शोध घेत बसतो आणि प्रत्येक शोध कोणत्या ना कोणत्या असाध्य आजारापाशी येऊन थांबतो. दिवसातून दहा वेळा टाचांवर आणि चवड्यांवर चालून पाहतो, बोटांना टाचणी टोचून पाहतो. हा काळ कसा काढावा, आणि दरम्यान बी-१२ च्या गोळ्या सुरू कराव्यात का?

प्रतिसाद १

दोन वर्षांपूर्वी मीही अशीच सहा आठवडे वाट पाहिली होती, म्हणून लिहिते. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठल्या बोटाला काय झाले याच्या बावीस पानी नोंदी घेऊन मी डॉक्टरांपुढे बसले. त्यांनी वही चाळली, सौजन्याने मिटली आणि तिच्यात कुठेच नसलेले दोन प्रश्न विचारले. चालताना चप्पल पायातून निसटते का, आणि निसटली तर ते त्याच क्षणी कळते की चार पावले पुढे गेल्यावर? तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो का? तेव्हा मला हे काहीतरीच वाटले होते. पहिल्या प्रश्नावरून पायाची ताकद कमी झाली आहे की संवेदना, याचा अंदाज येतो, आणि दुसऱ्यावरून, आपला पाय नेमका कुठे आहे हे डोळ्यांच्या मदतीवाचून समजते की नाही, याचा, हे मला नंतर उमगले.

तेव्हा नोंद जरूर ठेवावी, पण एका पानात मावेल एवढीच. शरीराची पुढून व मागून बाह्यरेषा काढून मुंग्या, बधिरपणा आणि जळजळ वेगवेगळ्या रंगांनी दाखवावी. त्रास कुठे सुरू झाला, कोणत्या क्रमाने सरकला आणि त्यामुळे कोणते काम जमेनासे झाले (शर्टाचे बटण, कुलपातली किल्ली, जिना) तेवढे लिहावे. पोटरी फडफडेल तेव्हा मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवावे, कारण तपासणीच्या खोलीत ती हमखास गप्प बसते.

करंगळीविषयी सांगायचे तर माझ्या बाबतीत कोपराच्या आतल्या बाजूची अल्नर नस दाबली जात होती, कारण मी हात दुमडून उशीखाली घेऊन झोपत असे. कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळून झोपू लागल्यावर हात रात्रभर सरळ राहू लागला आणि तीनेक आठवड्यांत फरक पडला. आपलेही तसेच असेल असे नाही. शिवाय पायांचे दुखणे त्याहून वेगळे असू शकते.

प्रतिसाद २

मी फिजिशियन आहे. आपल्याला तपासलेले नसल्यामुळे निदानाविषयी बोलणार नाही, गोळ्यांपुरते सांगतो. बी-१२ ची तपासणी झालेली नसेल तर आधी रक्त द्यावे, कारण गोळ्या किंवा इंजेक्शन सुरू झाले की रक्तातली पातळी वाढते आणि मुळात कमतरता होती की नव्हती हे नंतर सांगणे अवघड होते. हिमोग्लोबिन ठीक आहे यावर विसंबू नये, कारण रक्तक्षय नसतानाही बी-१२ च्या अभावाने नसांना इजा होऊ शकते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तावरील ओमेप्राझोलसारखे औषध वर्षानुवर्षे चालू असेल तर ते आवर्जून सांगावे, आणि मद्यपान असेल तर तेही न लपवता. ‘नसांच्या गोळ्या’ म्हणून ज्या सर्रास घेतल्या जातात त्यांत बहुधा बी-६ असते आणि ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास स्वतःच बधिरपणा आणते. रक्त दिल्यावर मात्र डॉक्टरांनी बी-१२ सुरू करायला सांगितले, तर न्यूरॉलॉजिस्टच्या भेटीसाठी थांबून राहू नये.

मुंग्या काही दिवसांतच गुडघ्यांकडे चढू लागल्या आणि सोबत पायांतले बळ जाऊ लागले, जांघेत किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, अंगाची वा चेहऱ्याची एक बाजू एकाएकी लुळी पडली, बोलणे अडखळले, श्वास घेणे किंवा गिळणे जड जाऊ लागले, तर मिळालेल्या तारखेचा विचार न करता तत्काळ रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.

नसांची वहनचाचणी (नसेतून विद्युतसंदेश किती वेगाने जातो हे मोजणारी तपासणी) करायला सांगितली, तर त्या दिवशी हातापायांना तेल किंवा क्रीम लावू नये आणि ते ऊबदार ठेवावेत. हातपाय गार असले की नसांचा वेग आहे त्याहून कमी दिसतो. या चाचणीत नसेतल्या जाड तंतूंचेच कार्य कळते, त्यामुळे बारीक तंतूंचा विकार असल्यास अहवाल नॉर्मल येऊनही जळजळ खरी असू शकते.

प्रतिसाद ३

टाचणी आजपासून बंद करावी. बधिर कातडीला झालेली जखम लक्षात येत नाही आणि ती चिघळते. त्याऐवजी रोज झोपण्यापूर्वी तळवे आरशात पाहावेत, अनवाणी चालू नये, पाण्याची ऊब पायाने न तपासता कोपराने तपासावी आणि तळव्यांना गरम पाण्याची पिशवी लावू नये.

चवड्यांवर चालून पाहण्याचे म्हणाल, तर मीही महिनाभर तेच केले. दमलेली पोटरी अधिक फडफडते, फडफडली की भीती वाढते, भीतीने श्वास जलद होतो, आणि जलद श्वासामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन ओठांभोवती व बोटांत नव्याच मुंग्या येतात. त्या मी आजाराच्या खात्यावर मांडत राहिलो. शेवटी पत्नीने रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायला सुरुवात केली आणि आठवड्यातून एकदाच, रविवारी, ताकद पाहायची असे ठरले. झोप सुधारली. मुंग्या होत्या तशाच राहिल्या, पण त्यांच्याकडे लक्ष कमी जाऊ लागले.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. चप्पलेचा प्रश्न वाचून थबकलो. पंधरा दिवसांपूर्वी जिना उतरताना उजवी चप्पल वरच्या पायरीवर राहिली होती आणि खाली पोहोचल्यावर मुलीने ती दाखवली. त्या वेळी आम्ही दोघेही हसलो होतो. फॅमिली डॉक्टरांना आज फोन करून हे सांगितले. त्यांनी उद्या सकाळी पुन्हा बोलावले आहे, बी-१२ आणि थायरॉइडसाठी रक्त उद्याच घेणार आहेत आणि तारीख अलीकडे आणता येते का हे स्वतः विचारणार आहेत. गोळ्यांची बाटली घरात आणून ठेवली होती. ती अजून फोडलेली नाही.